गवत आहे, धान नाही

पडद्यावर दिसतं ते गवत आहे, धान नाही. हे वाक्य मी जितक्या वेळा बोललो, तितक्या वेळा स्वतःचं नावही घेतलं नसेल. गोंदियात एका बंद पडलेल्या राईस मिलच्या गोदामात विज्ञान दालन निघालं होतं आणि तिथे मी मशीन सांभाळायचो. मशीन म्हणजे हँग ग्लायडिंगचं सिम्युलेटर. लोखंडी पाइपांचा उंच सांगाडा, त्याला पट्ट्यांनी टांगलेली कापडी झोळी. झोळीत माणसाला पालथं घालायचं, चेन लावायची, हातात समोरचा आडवा दांडा द्यायचा. पुढे भिंतभर पडदा, आणि पडद्याखाली तोंडावर वारा मारायला मोठा पंखा. दांडा छातीकडे ओढला की वेग वाढतो, पुढे ढकलला की कमी होतो, अंग ज्या बाजूला सरकवाल त्या बाजूला वळतं. पडद्यावर कुठल्यातरी थंड देशातली दरी होती. नदी, काळी झाडं, लाल कौलांची घरं. दरीच्या तळाशी एक मोठा हिरवागार चौकोन, तिथे उतरायचं. नीट उतरलात की घंटी वाजायची, बाकीचे लोक टाळ्या पिटायचे, मी चेन उघडायचो आणि पुढचा माणूस आत घालायचो.

शहरातली पोरं पहिल्या झटक्याला उतरायची. खेड्यावरची माणसं उतरायची नाहीत. सुरुवातीला मला वाटलं, घाबरतात. दवनीवाड्याकडून एकदा ट्रॅक्टर-ट्रॉली भरून मंडळी आली होती. त्यातला एक धिप्पाड गडी डोंगरावरून सुरेख खाली आला, चौकोनाच्या अगदी तोंडाशी पोचला आणि ऐनवेळी सगळं अंग डावीकडे टाकून झाडांत घुसला. पडदा लाल झाला. मी म्हटलं, "भाऊ, सरळच तर जायचं होतं ना!"

"सरळ कसा जाऊ?" तो झोळीत लोंबकळतच म्हणाला. "धान उभं आहे ना तिथी. तुडवू का लोकाचं?"

त्याच्यामागून आलेला म्हातारा नदीत गेला. त्याच्या सुनेनं घरांवर धडक मारली. ट्रॉलीतल्या एकाही माणसानं त्या चौकोनात पाय ठेवला नाही. ज्याच्या घरी बांधी, म्हणजे धानाचं खाचर आहे, ज्यानं चिखलात वाकून एकदा तरी धानाची रोवणी केली आहे, त्याला हिरवं, सपाट आणि चौकोनी दिसलं की ते धानच. तिथे उतरायचं नसतं. धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून चालायचं असतं. हे कोणी कोणाला शिकवत नाही, ते पायांतच असतं.

दालनाचे साहेब नागपूरचे. त्यांना आधी हसू आलं, मग त्यांनी पाटी रंगवून घेतली: 'हिरवा भाग म्हणजे गवत आहे. धान नाही.' पाटीचा फार उपयोग झाला नाही. लोक पाटी वाचायचे, माना डोलवायचे आणि झाडांत जायचे. शेवटी साहेब म्हणाले, तूच प्रत्येकाला तोंडानं सांगत जा. तेव्हापासून मी सांगत राहिलो. मराठीत, हिंदीत, पोवारीत, छत्तीसगढी बायका आल्या तर मोडक्यातोडक्या त्यांच्या बोलीत. रविवारी संध्याकाळी घरी गेलो की घशातून आवाज निघायचा नाही. बायको म्हणायची, दिवसभर झोपून राहणाऱ्या लोकांना ढकलायचं काम, तुम्ही काऊन थकता? तिचंही खरं होतं, पण पालथ्या माणसाला आत घालणं आणि बाहेर काढणं म्हणजे पोतं उचलण्यापेक्षा वाईट. पोतं लाथा झाडत नाही.

मी मूळचा नवेगाव बांधच्या बाजूचा. घरची दोन बांध्यांची शेती, बाप लवकर गेलेला, मायनं लोकांच्या रोवण्या करून आम्हाला वाढवलं. आयटीआयमधून वायरमन झालो आणि दालनात पंखे-दिवे लावायला आलो होतो. मशीन कुठल्याशा मोठ्या शहरातल्या प्रदर्शनातून जुनं म्हणून आलं होतं, ते कोणाला जोडता येईना. मी जोडलं. मग साहेब म्हणाले, राहूनच जा. असा राहिलो.

आणि राहिलो त्याचं खरं कारण सांगतो. मला उडायचं होतं. पडद्यावर नाही, खरं. लहानपणी तलावावर हिवाळ्यात बाहेरगावचे पक्षी यायचे. त्यांना मी पाण्यावर उतरताना बघायचो. पंख ताठ करायचे, पाय पुढे काढायचे आणि थांबायचे. हे मला फार आवडायचं, का ते सांगता येणार नाही. दालन बंद झालं की मी स्वतः झोळीत शिरायचो आणि त्या परक्या दरीत फिरून यायचो. टाळ्या पिटायला कोणी नसायचं म्हणून घंटीचा आवाज बंद करून ठेवायचो. काही महिन्यांतच ती दरी पाठ झाली. मग तिचाही कंटाळा आला, पण दुसरी दरी नव्हती.

मायला मी हे सगळं सांगितलं होतं. तिनं विचारलं, "मंग खरंखुरं कधी उडशील?"

"उडीन ना. साहेब म्हणतात, योजना येऊन राहिली आहे."

"कोठून उडशील?"

"टेकडीवरून."

"आन् उतरशील कोठी?" तिनं विचारलं. मी हसलो होतो तेव्हा. माझ्या लक्षात आलं नाही की सगळ्या प्रश्नांत हा एकच कामाचा होता.

योजना खरंच आली. त्या सुमारास गोंदियाबाहेरच्या धावपट्टीवर पायलट शिकवायची छोटी विमानं दिवसभर घिरट्या घालायची आणि सगळ्या जिल्ह्याला आकाशाचं वेड लागलं होतं. दालनाचे मालक असलेल्या शेठजींनी ठरवलं, दरेकशाकडच्या डोंगरांत प्रवाशांसाठी हँग ग्लायडिंग सुरू करायचं. त्यासाठी इथलीच दोन माणसं पायलट म्हणून तयार करायची. सकाळी लोक यायच्या आधी मशीनवर शिकवायचं, मग टेकडीवर न्यायचं, शेवटी परीक्षा. पहाडातून एक उस्ताद बोलावला. ठेंगणा, उन्हानं करपलेला, कमी बोलणारा माणूस. त्यानं पहिल्या दिवशी मला मशीनवर बघितलं आणि म्हणाला, "हाथ अच्छा है तेरा." एवढ्या वर्षांत कोणी माझ्या हाताला चांगलं म्हटलं नव्हतं. मी दिवसभर हवेत होतो, मशीन न लावता.

मी आणि गोंदियातल्या कॉलेजमधला एक कबड्डी खेळणारा गडी, असे दोघं निवडले गेलो. पास झालो तर पायलट म्हणून नेमणूक आणि रोज खरं उडणं. नापास झालो तर पुन्हा झोळी, चेन आणि गवत आहे, धान नाही. माझ्यासाठी हिशोब इतका साधा होता.

हिवाळाभर आम्ही पॅसेंजरनं दरेकशाला जायचो. छोटं स्टेशन, पुढे जंगलातून पायी. पंख, म्हणजे अख्खा ग्लायडर, चौघांनी मिळून खांद्यावर न्यायचा, टेकडीवर उघडायचा, खाली पळायचं, जरासं उचललं जायचं, टेकायचं, पुन्हा पंख वर न्यायचा. उडणं म्हणजे मुख्यतः हमाली आहे हे मला तेव्हा कळलं. पंख वर चढवताना गुडघे बोलायचे. परतीच्या गाडीत आम्ही दोघं एकमेकांच्या खांद्यावर झोपायचो आणि दुसऱ्या दिवशी मी दालनात माणसं भरायचो. महिन्यातून एक सुट्टी मिळायची, तीही पंखाच्या शिवणी तपासण्यात जायची. पण तक्रार केली नाही. कोणाजवळ करणार, मागून घेतलेलं काम.

उस्तादानं उतरायची जागा हिवाळ्यात निवडली होती. टेकडीच्या पायथ्याशी एक जुनी बोडी, गावानं बांधलेला लहान तलाव. तिच्या खाली धान कापून झालेल्या मोकळ्या बांध्या. नुसती धसकटं. त्यांच्या पलीकडे पडीक माळ. "पूरा मैदान तेरा है," उस्ताद म्हणाला होता. शेतमालकाशी बोलणं झालेलं होतं.

मग परीक्षा लांबली. कधी परवानगी आली नाही, कधी वारा, कधी शेठजींच्या घरचं लग्न. मार्च उजाडला. त्या साली पाऊस चांगला झाला होता, बोडी भरलेली होती, आणि भरल्या बोडीखाली कोणता शेतकरी जमीन रिकामी ठेवेल? आम्ही टेकडीवर चढून खाली बघितलं तर सगळ्या बांध्या हिरव्यागार. उन्हाळी धान घोट्याच्या वर आलेलं.

मी उस्तादाला म्हटलं, "उस्ताद, धान लग गया."

"दिख रहा है." त्यानं दुर्बीण खाली केली. "पीछे का मैदान तो खाली है ना. वहाँ तक पहुँच जाएगा. नहीं पहुँचा तो सीधा धान में बैठ जा. कीचड़ है, नरम है, चोट नहीं लगेगी. मालिक को मैंने बोल दिया है. बस नीचे आकर मुड़ना मत. ज़मीन के पास जो मुड़ा, वो गया."

हे मला माहीत होतं. मीच तर लोकांना सांगायचो. खाली आल्यावर वळायचं नसतं, सरळ टेकायचं. दोन वर्षं ओरडून ओरडून माझा घसा त्याच वाक्यावर बसला होता.

कबड्डीवाला आधी गेला. त्याला वारा चांगला मिळाला, तो बांध्यांवरून पार जाऊन माळावर उतरला, पाय न मुडपता. खाली जमलेल्या गाववाल्यांनी आरोळी दिली. मग मी.

वरच्या भागाबद्दल फार लिहिणार नाही, कारण त्याच्याबद्दल लिहिण्यासारखं काही उरलं नाही, इतकं ते चांगलं होतं. पाय सुटले आणि आवाज बंद झाला. पंख्याचा वारा आणि खरा वारा यांत इतका फरक असेल असं वाटलं नव्हतं. खऱ्याला मोहाच्या फुलांचा वास होता. खाली आगगाडीचे रूळ, जंगल, बोडीचं पाणी, पाण्यात माझी सावली. मला माय आठवली, आणि तलावावर पाय पुढे काढणारे पक्षी. मी मोठ्यानं हसलो, एकटाच. इतकं हसू त्यानंतर मला आलेलं नाही.

बोडीवर आलो आणि पंख खाली बसला. पाण्यावरून वारा खाली खेचत असेल, काय असेल. उंची एकदम कमी झाली. कानातल्या वॉकीटॉकीत उस्ताद शांतपणे म्हणाला, "मैदान छोड़. धान में जा. सीधा." मी दांडा ओढला, वेग घेतला. सगळं बरोबर चाललं होतं. बोडीची पार, तिचा मातीचा बांध, खालून गेली आणि समोर बांधी आली. हिरवी, सपाट, चौकोनी. ओळीत लावलेलं धान, मधे पाणी चमकत होतं. निंदणाऱ्या बायकांना दूर काढलं होतं, त्या पलीकडच्या धुऱ्यावर हातात निंदलेलं गवत घेऊन उभ्या होत्या. "सीधा," उस्ताद म्हणाला. "सीधा, सीधा."

आणि माझं अंग डावीकडे गेलं.

मी सरकवलं असं मला म्हणता येत नाही. डाव्या हाताला बांधीच्या कडेनं पांदण होती, मोकळी, मातीची. अंग तिकडे गेलं. पंखाचं टोक धुऱ्याला लागलं, पंख फिरला, दांडा फिरला, आणि मी कोपरावर पांदणीत पडलो. पहिला आवाज पंखाची नळी मोडल्याचा होता, दुसरा हाताचा. तिसरा आवाज धुऱ्यावरच्या एका बाईचा. ती धावत येत ओरडत होती, "एक काडी नाही मोडली वो! एक काडी नाही मोडली!"

उस्ताद टेकडीवरून धापा टाकत खाली आला. त्यानं माझा हात बघितला, पंख बघितला, मग ती बांधी बघितली. चिडेल असं वाटलं होतं. तो चिडला नाही. बाजूला बसला आणि म्हणाला, "क्यों मुड़ा रे?" मी त्या बांधीकडे बघितलं. त्यानं पुन्हा विचारलं नाही. नापासाचा कागद त्यानं त्याच संध्याकाळी लिहिला, आणि त्यानं बरोबरच लिहिलं. जो माणूस जमिनीजवळ वळतो त्याच्याखाली प्रवासी टांगायचा नसतो.

कोपर नीट जुळलं नाही. हात आजही पूर्ण सरळ होत नाही. डॉक्टर म्हणाले, कामाला हरकत नाही, पण ताण द्यायचा नाही. दांडा धरणं संपलं. मला सगळ्यांत जास्त राग कशाचा आला असेल, तर पुढे जे कौतुक झालं त्याचा. त्या गावानं मला शाळेत बोलावून नारळ-दुपट्टा दिला. सरपंच म्हणाले, स्वतःचा हात मोडून घेतला पण गरिबाचं धान मोडलं नाही, याला म्हणतात शेतकऱ्याचा पोरगा. टाळ्या झाल्या. शेतमालकानं घरच्या तांदळाची पिशवी दिली. माझ्या मनात आलं, अरे बाबांनो, मी काही वाचवलं नाही. मी चुकलो. मला उतरता आलं नाही. पण प्लास्टरमधला हात आणि गळ्यात दुपट्टा घेऊन कोणाशी वाद घालायचा? मी मान डोलवली आणि चहा घेतला.

गावी गेलो. माय अंगणात बसली होती. तिनं हाताकडे बघितलं. ताट वाढलं, उजवा हात प्लास्टरमध्ये म्हणून घास करून भरवला. मी तिशी ओलांडलेला बाप्या, शेजारची माणसं समोर बसलेली, आणि माय मला भरवून राहिली होती. विहाराकडून येणारे-जाणारे थांबून म्हणायचे, "लय चांगलं केलं बाई तुह्या पोरानं. धान वाचवलं लोकाचं." माय प्रत्येक वेळी उठून आत जायची, काहीतरी भांडं घ्यायला. परत येताना तिच्या हातात भांडं नसायचं. मला वाटलं, तिला लाज वाटते आहे. पोरगा उडायला गेला आणि पडून आला. किंवा राग आला असेल, असलं खूळ डोक्यात घेतलं म्हणून. मी तिला विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी गोंदियाला परत आलो.

पंख मोडला तो मोडला, शेठजींचा उत्साहही संपला. प्रवासी डोंगरात आलेच नाहीत. कबड्डीवाला वर्षभर वाट बघून पोलिसात भरती झाला. उस्ताद त्याच्या पहाडात परत गेला, जाताना मला त्याचे हातमोजे देऊन गेला. ते मला होत नाहीत. मी पुन्हा झोळी, चेन, पंखा. आता एका हातानं जोर लावायचा, त्यामुळे पालथी माणसं आणखी जड लागायची.

आणि साहेबांना बोलायला नवा विषय मिळाला. शाळांच्या सहली आल्या की ते मला पुढे उभं करायचे. "मुलांनो, हे आमचे पायलट. यांनी खऱ्या आकाशातून उतरताना एका शेतकऱ्याचं धान वाचवलं." मुलं माझ्या वाकड्या कोपराकडे बघायची. मग मी मशीन चालू करायचो आणि म्हणायचो, पडद्यावर हिरवं दिसतं ते गवत आहे, धान नाही, सरळ उतरा. गंमत अशी की साहेबांची गोष्ट ऐकलेली मुलं माझं ऐकायची नाहीत. झाडांत जायची आणि अभिमानानं माझ्याकडे बघायची. त्यांना वाटायचं मी शाबासकी देईन. एकदा मी एका मुलावर इतका ओरडलो की त्याच्या मास्तरांनी साहेबांकडे तक्रार केली. साहेबांनी विचारलं, काय झालं तुला? मी म्हटलं, दमलो आहे साहेब. ते म्हणाले, आपण सगळेच दमलोय. ते खुर्चीत बसून म्हणाले.

अशी वर्षं गेली. पडद्यावरच्या दरीचे रंग उडाले, नदी पांढुरकी झाली, हिरवा चौकोन मात्र हिरवाच राहिला. शहरातल्या मॉलमध्ये याच्यापेक्षा भारी मशीन आली. आमच्याकडे फक्त खेड्यावरची माणसं यायची, गोंदियात दवाखान्याचं किंवा कोर्टाचं काम आटोपून, गाडीला वेळ आहे म्हणून.

माय तशीच आली. डोळे दाखवायला आणलं होतं तिला, मोतीबिंदू उतरत होता. डॉक्टरांनी पुढची तारीख दिली. बल्लारशाकडच्या गाडीला अवकाश होता, उन्हात स्टेशनवर कुठे बसवू, म्हणून दालनात घेऊन आलो. इतक्या वर्षांत तिनं ते मशीन पाहिलं नव्हतं. तिनं सांगाड्याला हात लावून बघितला.

"हेच काय ते?"

"हेच."

"मले घाल याच्यात."

"माय, पालथं लटकावं लागते."

"मंग? रोवणीत काय मी उभी राहत होती? जनमभर वाकूनच होती. घाल."

तिनं चपला काढून भिंतीशी ठेवल्या, लुगडं पायांत खोचलं. मी आणि बायकांच्या रांगेतली एक पोक्त बाई, दोघांनी मिळून तिला उचललं. तिचं वजनच नव्हतं. इतक्या माणसांत पहिल्यांदा मला जोर लावावा लागला नाही. चेन लावली, हात दांड्यावर ठेवले, कसं ओढायचं, कसं वळायचं ते सांगितलं. पंखा लावला. पुढचं वाक्य सांगायला तोंड उघडलं, आणि राहू दिलं. सकाळपासून सांगून सांगून जीव कंटाळला होता. म्हटलं, माय आहे, जाईल झाडांत सगळ्यांसारखी, तिला काय फरक पडतो.

माय डोंगरावरून निघाली. वारा पदर उडवत होता. ओठ मिटलेले, नजर खाली, रोवणीत असायची तशीच. नदी गेली, घरं गेली. हिरवा चौकोन समोर आला. रांगेतल्या बायका एका आवाजात म्हणाल्या, "बाई वो, धान! वळ, वळ!" माझाही खांदा आपोआप डावीकडे गेला, उभ्या जागी.

माय वळली नाही. सरळ आली, दांडा दोन्ही हातांनी पुढे लोटला, आणि हिरव्याच्या मधोमध बसली. घंटी वाजली. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बायका तिच्याकडे असं बघत होत्या, जशी तिनं खरंच कोणाची बांधी तुडवली.

मी खाली बसून चेन उघडायला लागलो. तिचं तोंड माझ्या तोंडासमोर होतं, लटकलेलं.

"माय, हिरवं दिसलं नाही का तुले?"

"दिसलं ना. इतकी नाही आंधळी झाली अजून."

"गवत आहे ते," मी म्हटलं. "खेड्यावरचे सगळे वळतात. त्यायले धान वाटते."

"मलेही धानच वाटलं."

चेन अर्ध्यात अडकली. वाकड्या हातानं ती नेहमीच अडकते. मायनं दांड्यावरचा हात काढून माझ्या कोपरावर ठेवला, जिथे हाड वर आलेलं आहे तिथे. तिचा तळवा खरखरीत आणि गार होता, पंख्याच्या वाऱ्यानं.

"ती बांधी मी जाऊन परत लावून देली असती रे बाबू," ती म्हणाली. "सगळी. एकटीनं. तू काऊन वळला?"